जावयाचा मान न ठेवणारा गेज

मी एक जुना गेज आहे. वीतभर लांबीचा, मुठीत मावणारा पोलादी दांडा. मित्रांनो, माझं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलं नसेल, म्हणून आधी माझं काम सांगतो. कारखान्यात धातूच्या तुकड्याला भोक पाडतात. ते मापात आहे की नाही, हे सांगायला मी असतो. माझ्या एका टोकाला हिरवा पट्टा आहे, दुसऱ्याला तांबडा. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे आणि तांबडं जाता कामा नये. दोन्ही टोकांच्या जाडीत फरक आहे तो केसाच्या चौथ्या भागाइतका. 'जातं' आणि 'जात नाही', एवढे दोनच शब्द मला येतात. ते मी मालकालाही त्याच आवाजात ऐकवतो.

माझा जन्म चिकलठाण्याच्या एका लहानशा टूलरूममधला. मला भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं, मग दोन दिवस घासलं. घासणारा कारागीर सारखा थांबून मला मोजायचा आणि मान हलवायचा. शेवटी एकदा त्याने मान हलवली नाही, तेव्हा मला निळ्या मखमलीच्या डबीत ठेवलं. तिथून मी वाळूजच्या एका वर्कशॉपमध्ये आलो. वीस-बावीस माणसांचं वर्कशॉप, दुचाकीसाठी ॲल्युमिनियमचे सुटे भाग करणारं. तयार झालेल्या एकेका भागाला तिथे 'नग' म्हणतात. मी आजवर किती नग पाहिले असतील, ते मोजायला मला येत नाही.

सुरुवातीची पाच वर्षं मी रामकिसन मिस्त्रींच्या हाताखाली होतो. मिस्त्री बोलायला तिखट नव्हते, पण बोलायचं राहूनही देत नसत. कोणाचा नग बिघडला की ते त्याच्या कोपराला धरत, त्याला त्याच्याच मशीनपाशी नेत, माझं टोक भोकात घालून दाखवत आणि काय चुकलं ते चार शब्दांत सांगत. ते ऐकायला तिसरा माणूस नसे. मग दोघं चहा प्यायचे. बद्रीनाथ तेव्हा नवीन होता. त्यालाही मिस्त्रींनी असंच एकदा सांगितलं होतं. तो दोन दिवस तोंड फुगवून बसला आणि तिसऱ्या दिवसापासून त्याचा एकही नग परत आला नाही.

मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा बद्रीनाथला मिळाली आणि मीही त्याच्याकडे आलो. मला त्याच्या हातात देताना मिस्त्री म्हणाले, "बद्री, याला नातं कळत नाय. म्हणून तुला देतो. तुला लई कळतं."

बद्रीनाथ हसला. मला वाटतं त्याला ते कौतुक वाटलं असावं.

खरं सांगायचं तर बद्रीनाथ फार चांगला माणूस आहे. रोज सुटी होताना मला फडक्याने पुसून तेलाचं बोट लावायचा. नव्या माणसांना सांगायचा, "हा मिस्त्रींचा गेज हाय, खोटं बोलत नाय." ते ऐकून मी फुगून जायचो. त्याचा एकच दोष होता. समोरच्याचं तोंड पडेल असं काही त्याच्या तोंडून निघत नसे. पण त्याच्या हाताखाली बहुतेक माणसं ओळखीची, कामात मुरलेली होती, त्यामुळे गाडं चाललं होतं. आणि मग दिवाळीच्या तोंडावर दाजी आले.

दाजी म्हणजे कडूबा, बद्रीनाथच्या धाकट्या बहिणीचा, मोनिकाचा नवरा. वीस वर्षं गावात पिठाची गिरणी चालवलेला माणूस. मुलगी राजनंदिनी नववीत गेली, तिला शहरातल्या शाळेत घालायचं ठरलं, तेव्हा त्यांनी गिरणी विकून रांजणगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. बद्रीनाथने त्यांना ड्रिलिंग मशीनवर कामाला लावलं. आता गंमत अशी, की आमच्या वर्कशॉपमधली निम्मी माणसं गंगापूर तालुक्यातल्या एकाच गावची, बद्रीनाथच्या गावची. गावची मुलगी ज्या घरी दिली, त्या घरचा माणूस सगळ्या गावाचा जावई. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळं वर्कशॉप कडूबांना 'दाजी' म्हणू लागलं. त्यांना पंख्याखालचं मशीन मिळालं. चहाचा पहिला कप त्यांना जाऊ लागला. कुणीतरी त्यांच्यासाठी घरून उशी आणून स्टुलावर ठेवली. मीसुद्धा त्यांना दाजीच म्हणतो, बघा. संगतीचा परिणाम.

दाजी कष्टाळू होते. पण त्यांच्या कामात एक खोट होती, आणि ती आधी मला कळली. मशीनवरून नग काढला की ते लगेच मला त्यात घालायचे. हिरवं टोक जायचं, तांबडं अडायचं. नग पास. तोच नग तासाभराने बद्रीनाथने हातात घेतला की हिरवं टोक दारातच अडायचं. कारण सरळ होतं. दाजींचे नग मशीनवरून गरम येत. गरम धातू फुगतो, भोक मोठं होतं आणि मी आत जातो. नग गार झाला की भोक आवळतं. इतरांच्या मशीनवर कुलंटचा, म्हणजे थंड ठेवणाऱ्या पांढऱ्या पाण्याचा जोरदार फवारा असायचा, म्हणून त्यांचे नग गारच निघत. दाजींच्या मशीनवर ती धार दोऱ्याएवढी असे. का, ते कोणी विचारलं नाही. जावयाला विचारायचं कसं?

शेजारच्या मशीनवरच्या राजकुमारने दोन-तीनदा बद्रीनाथच्या कानावर घातलं. "दाजीचे नग बारीक येऊ लागलेत. तुम्ही सांगा, मी नाय सांगणार. माझी चुलती त्यांच्याकडं हळदीला जेवून आलीय."

"बघतो मी," बद्रीनाथ म्हणाला.

त्याने काय बघितलं ते ऐका. सकाळची पाळी सात वाजता सुरू होते. बद्रीनाथ साडेसहाला येऊ लागला. दाजींच्या टोपलीतले बारीक नग तो बाजूला काढायचा, वाइसच्या शिकंज्यात पकडायचा आणि हाताने रीमर नावाचं हत्यार फिरवून प्रत्येकाचं भोक मोठं करायचा. मग मला आत घालून बघायचा आणि नग पुन्हा दाजींच्या टोपलीत ठेवून द्यायचा. चार महिने हे चाललं. दाजी सात वाजता यायचे, टोपलीतला एखादा नग उचलून उजेडात धरायचे आणि खुश व्हायचे. मोनिकाला ते घरी सांगायचे की माझा हात बसला आता. मला त्यांची कीव येई, आणि थोडा रागही.

हाताने फिरवलेलं भोक सरळ राहत नाही, मित्रांनो. तोंडाशी ते थोडं पसरट होतं. फेब्रुवारीत ज्या कंपनीला आम्ही माल देतो तिथून तीनशे नगांची अख्खी पेटी परत आली. काही भोकं बारीक, काही वाकडी. आमच्या मालकीणबाई प्रेरणाताई उस्मानपुऱ्याहून स्कूटरवर येतात. त्या दिवशी त्यांनी हेल्मेटही काढलं नाही, तशाच पेटीपाशी गेल्या.

"बद्रीभाऊ, हे कडूबांचे नग ना?"

"व्हय."

"मी महिनाअखेरपर्यंत थांबते. सुधारलं तर त्यांना पक्कं करू. नाही सुधारलं तर दुसरा माणूस बघावा लागेल. त्यांना सांगितलंय ना हे?"

"सांगितलंय," बद्रीनाथ म्हणाला.

मी त्याच्या खिशात होतो. हिरवं टोक वर करून ओरडावंसं वाटलं, पण ती भाषा मला येत नाही.

त्यानंतर आठ दिवस बद्रीनाथने सांगायचा प्रयत्न केला. एकदा तर दाजींना कोपऱ्यावरच्या टपरीवर घेऊन गेला. म्हणाला, "दाजी, काम बाकी झकास चाललंय तुमचं."

"हाय ना?"

"व्हय. फक्त जरा..."

"काय?"

बद्रीनाथने कपात बघितलं. "काय नाय. चहाला आलं कमी पडलंय का?"

दाजी म्हणाले, आलं बरोबर आहे. दोघं परत आले. महिना संपायला अडीच आठवडे उरले होते. एका घराची चूल, एका मुलीची शाळा त्यावर अवलंबून होती आणि ज्याची नोकरी जाणार होती त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मग राजनंदिनीच्या शाळेची सहल निघाली. तिला सकाळी सहाला शाळेत सोडून दाजी घरी परत न जाता सरळ वर्कशॉपला आले. बद्रीनाथ वाइसवर वाकलेला होता. एका हातात रीमर, दुसऱ्या हातात मी.

"माझा नग हाय ना हा?" दाजींनी विचारलं.

"व्हय."

"काय करताय?"

"भोक बारीक पडलंय. मोठं करतोय."

दाजींनी टोपलीकडे पाहिलं. "सगळ्या नगांचं?"

"सगळ्या नाय. निम्म्याहून कमी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"राजकुमारला ठावं हाय?"

"हाय."

"बाकीच्यांना?"

बद्रीनाथने रीमर खाली ठेवला. दाजींनी टोपलीतला एक नग उचलला, परत ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चूक सांगितली असती तर सुधारली असती, बद्रीभाऊ. तुम्ही मला कामावर घेतलंच नाय. पाव्हणा म्हणून बसवून ठेवलं." ते स्टुलावरची उशी उचलून राजकुमारच्या मशीनवर ठेवून निघून गेले. त्या दिवशी पंख्याखालचं मशीन बंदच राहिलं.

दुपारी बद्रीनाथ रांजणगावला गेला. खिशात मी होतो आणि दाजींचा एक नग. दार मोनिकाने उघडलं. तिला सगळं कळलेलं दिसत होतं.

"दादा, जावयाची समजूत काढायला आला असशील तर चहा पिऊन जा," ती म्हणाली. "कामाचं बोलायला आला असशील तर मीबी ऐकते."

बद्रीनाथ आत बसला. दाजी भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीखाली. बद्रीनाथने नग जमिनीवर ठेवला, शेजारी मला ठेवलं.

"दाजी, तुमच्या शंभरातले चाळीस नग बारीक येतात. गरम असताना तुम्ही गेज लावता म्हणून तुम्हाला कळत नाय. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाय तर मॅडम तुम्हाला ठेवणार नायत. हे मला आठ दिवसांपासून ठावं हाय. 'त्यांना सांगितलंय' असं मी मॅडमला खोटं बोललो. अन् जी पेटी परत आली, तिच्यातले वाकडे नग माझ्या हातचे हायत. तुमचे नायत."

दाजींनी आधी नगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "गरम असताना एवढा फरक पडतो?"

मोनिका उठली. तिने गॅसवर तवा ठेवला आणि नग त्यावर. थोड्या वेळाने सांडशीने धरून तो भावासमोर आणला. बद्रीनाथने मला आत घातलं. मी सरळ गेलो. चटका बसला तो वेगळा. मग तिने नग पाण्याच्या पातेल्यात टाकला आणि पुसून पुन्हा समोर धरला. आता मी दारातच अडलो. दाजींनी मला स्वतःच्या हातात घेतलं, स्वतः घालून पाहिलं. तीनदा पाहिलं.

"पिठाचं असं नसतं," ते म्हणाले. "पीठ गरम असतानाच चिमटीत कळतं."

तेव्हा बद्रीनाथला त्यांचे हात दिसले. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, तळवे लालभडक. त्यांवर खोबरेल तेल चोपडलेलं.

"हे काय, दाजी?"

"ते पांढरं पाणी सोसत नाय मला. म्हणून धार बारीक ठेवतो."

"मग सांगायचं नाय का?"

"सासरच्या माणसाकडं गाऱ्हाणं कसं करायचं? भाजी खारट झाली तरी जावई गुमान जेवतो."

बद्रीनाथने कपाळाला हात लावला. मशीनमधलं कुलंट महिन्याला बदलायचं असतं, नाहीतर ते नासून कातडी खातं, आणि ते बदलून घेणं त्याचं काम होतं. दाजींच्या मशीनमधलं दिवाळीपासून बदललंच नव्हतं, कारण त्या मशीनकडे जायचं म्हणजे दाजींशी कामाचं बोलावं लागेल. एकाने मान राखण्यासाठी तोंड मिटलं होतं, दुसऱ्याने मान जाऊ नये म्हणून. दोघांच्या मध्ये मी रोज खरं बोलत होतो आणि दोघंही ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथने आधी प्रेरणाताईंना खरं सांगितलं. बोलणी खाल्ली. मग मशीन धुऊन नवं कुलंट भरलं. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालता येत नाहीत, म्हणून दाजींना डॉक्टरकडे नेऊन मलम आणलं. धार पूर्ण उघडली आणि मशीनशेजारी पाण्याची बादली ठेवली. नग बादलीत गार करायचा, पुसायचा, मगच मला लावायचा.

सगळं लगेच गोड झालं असं समजू नका. गप्प राहणारा माणूस बोलायला लागला की आधी वेडंवाकडंच बोलतो. त्याच आठवड्यात बद्रीनाथ सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाला, "दाजी, तीन नग गेले तुमचे!" सगळी मशीनं ऐकत होती. दाजींची मान खाली गेली आणि दिवसभर वर आली नाही. संध्याकाळी बद्रीनाथ मला पुसता पुसता एकदम थांबला. मिस्त्रींचं कोपर धरणं त्याला आठवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्याने दाजींचं कोपर धरलं, त्यांना मशीनपाशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "हा नग तुम्ही गार व्हायच्या आधी बघितला. बादलीत दोन मिनिटं जास्त राहू द्या." दाजींनी मान डोलावली. राजकुमारने उशी परत करायचा प्रयत्न केला, ती मात्र त्यांनी घेतली नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. तीनशे नगांची पेटी तयार होती. प्रेरणाताई टेबलाशी बसल्या आणि बद्रीनाथने एकेक गार नग घेऊन मला लावला. तीनशेच्या तीनशे भोकांत माझं हिरवं टोक गेलं, एकातही तांबडं गेलं नाही. बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेरणाताईंनी दाजींच्या पक्क्या नोकरीचा कागद पुढे ओढून पेन उघडलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती भरून आली होती.

"बद्रीभाऊ," दाजी म्हणाले, "एक सांगू का? वाईट वाटंल तुम्हाला."

"सांगा की."

"तुमचा गेज झिजलाय."

बद्रीनाथने मला मुठीत घट्ट धरलं. "मिस्त्रींचा गेज हाय हा."

"व्हय. म्हणून मीबी आठ दिवस बोललो नाय. माझंबी तुमच्यासारखंच झालं." दाजींनी खिशातून एक चकचकीत पिन काढली. परत आलेल्या पेटीसोबत त्या कंपनीने नमुन्याला पाठवलेली, याच भोकात बसणारी. त्यांनी टेबलावरचा एक नग घेतला. मी त्यात अलगद गेलो. पिन अर्ध्यावर अडली. "हा जातो अन् ही जात नाय. पहिल्यांदा हा जाताना हाताला जरा कळायचा. आता कळतच नाय."

मित्रांनो, ते खरं होतं. अकरा वर्षं भोकांत जाऊन-येऊन माझं हिरवं टोक बारीक झालं होतं. मी बारीक झालो की बारीक भोकंही मला बरी वाटू लागतात. मला ते जाणवत होतं. पण रोज तेलाचं बोट लागत होतं, रोज 'खोटं बोलत नाय' ऐकायला मिळत होतं आणि मला ते सुटत नव्हतं. बद्रीनाथने टेबलाचा खालचा खण उघडला. तपासणीच्या प्रयोगशाळेने गेल्या वर्षी माझ्याबद्दल दिलेला कागद तिथे घडी करून ठेवलेला होता. 'मर्यादेच्या काठावर, लवकर बदलावा.' त्याने तो वाचला होता आणि खण लावून घेतला होता. म्हणजे मान राखून बसवून ठेवलेले जावई दाजी एकटेच नव्हते, मीही होतो.

राजकुमार शेजारच्या वर्कशॉपमधून नवा गेज मागून घेऊन आला. तीनशेपैकी एकोणीस भोकांत तो शिरला नाही.

प्रेरणाताईंनी दाजींकडे पाहिलं. "तुम्ही आज गप्प बसला असता तर ही सही झाली असती, माहीत आहे ना?"

"ठावं हाय."

"मग?"

"पेटी परत आली असती, मॅडम. अन् बद्रीभाऊ सकाळी साडेसहाला येऊन बसले असते." दाजी पहिल्यांदाच हसले. "एकोणीस नग द्या, मशीनवरच परत करून देतो. पेटी उद्या जाईल."

पेटी दुसऱ्या दिवशी गेली. ती परत आली नाही. त्या कागदावर सहीही झाली, पण एकोणिसावा नग नव्या गेजने पास झाल्यावर.

आता मी दाजींच्या मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. नवीन माणूस आला की दाजी त्याला आधी मला लावून दाखवतात, मग नव्या गेजला, आणि सांगतात की कोणावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नको, तपासत राहा, माझ्यावरही. सुटी होताना बद्रीनाथ अजून मला पुसून जातो. मखमलीची डबी नव्याला मिळाली, त्याचं मला फारसं दुःख नाही.

तुम्हालाही कोणीतरी जवळचं असेल, ज्याचं काही चुकतंय आणि ज्याला ते ठाऊक नाही. त्याची चूक गुपचूप निस्तरू नका आणि चारचौघांत ओरडूनही सांगू नका. कोपराला धरून बाजूला न्या, काय चुकलं ते दाखवा आणि त्याचे हातही बघा. आणि हे लवकर करा. चार महिने फार झाले, आठ दिवससुद्धा फार झाले.

बाद झालेला गेज चुकून पुन्हा वापरात येऊ नये म्हणून त्याला लाल रंग देतात. मला तो दाजींनी दिला. बद्रीनाथने ब्रश उचलून तसाच परत ठेवला, म्हणून तो त्यांनी घेतला. हिरव्या पट्ट्यावर ब्रश फिरवताना ते हळूच म्हणाले, "झिजलास रे बाबा, लई झिजलास." मला राग आला नाही. अकरा वर्षं मी सगळ्यांना त्यांची मापं सांगितली. माझं माप मला सांगणारा तोच पहिला माणूस.